नवीन लिनक्स आणि एकसष्ट नावे

प्रति,
मा. सचिव,
संगम भाजीपाला-फुले विक्रेते सहकारी संस्था,
मुख्य कार्यालय, अकोला.

अर्जदार : शालिकराम नामदेव उमाळे, लिपिक, बाळापूर शाखा.

विषय : संगणकावर नवीन लिनक्स प्रणाली बसवण्यास झालेला उशीर व त्यानंतर ओटेधारकांच्या यादीत पडलेला फरक यांचा खुलासा; नवीन यादी कायम ठेवणेबाबत.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. २४/११/२०२५.

महोदय,

१. शाखेतील एकमेव संगणकावरची जुनी प्रणाली काढून, नुकतीच प्रसिद्ध झालेली लिनक्सची नवी आवृत्ती तीन दिवसांत बसवावी, असा आपला आदेश होता. अर्जदारास अकरा दिवस लागले. हे मान्य आहे. अर्जदाराचे वय छप्पन्न असून संगणकाशी त्याचा संबंध आजवर यादी टाइप करणे व छापणे एवढाच होता, हेही नमूद करणे आवश्यक वाटते.

२. अर्जदाराचा साळा गजेंद्र याचे अमरावतीस राजापेठेत संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. नवीन प्रणाली भरलेला पेन ड्राइव्ह अर्जदार त्याच्याकडून घेऊन आला. परंतु संगणक त्या पेन ड्राइव्हकडे ढुंकूनही पाहीना. कितीदाही सुरू केला तरी जुनीच प्रणाली हजर. फोन लावला असता गजेंद्र म्हणाला, "भाऊजी, मशीन चालू होताना एफ-बारा दाबा." अर्जदाराने दाबले. "चालू झाल्यावर नाही हो, होता होता!" ही 'होता होता'ची वेळ एका श्वासाइतकी असते. ती साधण्यात पहिले दोन दिवस गेले.

३. पुढे प्रणालीने पडद्यावर नकाशा दाखवून ठिकाण विचारले. बाळापूर नव्हते, अकोलाही नव्हते. भारतासाठी केवळ कोलकाता होते. अर्जदार उभ्या जन्मात कोलकात्यास गेलेला नाही. कार्यालयीन संगणकात खोटा पत्ता नोंदवणे योग्य न वाटल्याने त्याने काम थांबवले. दुसऱ्या दिवशी गजेंद्रने खुलासा केला, "साऱ्या देशाचं घड्याळ त्या नावानं लागते, भाऊजी. दाबा न!" तेव्हा दाबले.

४. त्यानंतर 'डिस्कवरील सर्व माहिती पुसली जाईल' अशी सूचना आली. अर्जदाराने ओटेधारकांची यादी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर तीन वेळा उतरवून घेतली, तरी बोट पुढे होईना. शेवटी चहा घेऊन आला आणि डोळे मिटून दाबले. प्रणाली बसली, पण वायफाय चालेना. ते चालवण्यासाठी लागणारी फाइल इंटरनेटवर होती आणि इंटरनेट वायफायवर. आधी कोण, या प्रश्नात आणखी चार दिवस गेले. मग अर्जदाराचा मोबाइल वायरीने संगणकास जोडला आणि तिढा सुटला. प्रिंटर मात्र संगणकाने स्वतःहून ओळखला. अर्जदारास त्या दिवशी झालेला आनंद शासकीय भाषेत मांडता येत नाही.

५. आता मुख्य मुद्दा. यादी उघडली असता त्यात एकही नाव वाचता येईना. ओटा क्रमांक सतराचे महादेवराव यांच्या जागी 'ईजीकेएनएसओजेकेओ' अशी इंग्रजी अक्षरे दिसत होती. शहाण्णव ओट्यांचे शहाण्णव धनी असेच झालेले. गजेंद्र म्हणाला, "जुना फाँट हाय, भाऊजी. नावं नव्यानं टाइप करा. एकदा केलं की कुठंही वाचता येईन." यादीची छापील प्रत अकोल्यास आहे, हे अर्जदारास आपली नोटीस आल्यावर कळले.

६. सबब अर्जदाराने बाजारात सूचना लावली, की प्रत्येक ओटेधारकाने स्वतः येऊन नाव सांगावे. सर्वांत आधी ओटा क्रमांक सतरावर मेथी-वांगी विकणाऱ्या, महादेवरावांच्या पत्नी पार्वताबाई आल्या. त्यांनी नाव सांगितले, "पार्वता." अर्जदाराने विचारले, "ओटा महादेवरावच्या नावानं हाय न?" त्यावर त्या म्हणाल्या, "ते दुपारी येते, डबा खाते आन् जाते. एकवीस वर्सांपासून ओट्यावर मी बसून राहिली. मंग नाव त्याइचं काऊन?"

७. यावर अर्जदाराने कपाट उघडले. त्याने संस्थेचे उपविधी काढून पाहिले. तेथे ओटेधारक म्हणजे 'ओट्यावर प्रत्यक्ष बसून विक्री करणारी व्यक्ती' असे स्वच्छ लिहिले आहे. ही ओळ अर्जदाराने एकोणीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच वाचली, याची त्यास लाज वाटते. त्याने पार्वताबाईंचे नाव घातले. संध्याकाळपर्यंत दाराबाहेर बायांची रांग लागली. फुलवाल्या माणिकबाई तर अर्धा हार सुईत तसाच ठेवून आल्या होत्या.

८. दुसऱ्या दिवशी महादेवराव स्वतः कार्यालयात आले. आता भांडण होणार, असे समजून अर्जदाराने पाण्याचा ग्लास पुढे केला. महादेवराव पाणी पिऊन म्हणाले, "बाई खरं बोलून राहिली. मायं नाव काढा. फक्त डब्याचं कायी लिहू नका." त्यांच्या विनंतीचा मान यादीत राखला आहे. या खुलाशात तो राखता आला नाही, त्याबद्दल अर्जदार त्यांची वेगळी माफी मागेल.

९. जुन्या यादीत बायांची नावे चार होती. नवीन यादीत एकसष्ट आहेत. नोटिशीत यास 'संगणकीय बिघाड' म्हटले आहे व जुनी यादी पूर्ववत न केल्यास अर्जदारावर कारवाई होईल असे कळवले आहे. नम्रपणे निवेदन की, बिघाड दुरुस्त झालेला आहे. उशिराबद्दल जी शिक्षा होईल ती अर्जदार भोगेल. परंतु पंधरा डिसेंबरला छापावयाची ओळखपत्रे नवीन यादीप्रमाणेच छापावीत. नावे पुन्हा बदलायचीच झाल्यास ती अन्य कर्मचाऱ्याने बदलावीत. अर्जदाराच्या हातून ते होणार नाही.

१०. आणखी एक गोष्ट, जी नोटिशीत विचारलेली नाही. पार्वताबाईंनी पडद्यावर आपले नाव पाहून विचारले, "हे मोठं होते का?" अर्जदाराने ते पानभर मोठे करून छापून दिले. त्या कागद डोक्यावरच्या पदरात धरून बाजारातून गेल्या. त्यानंतर प्रत्येकीने मागितला. संस्थेचे एकसष्ट कोरे कागद यात खर्ची पडले. विनापरवानगी झालेल्या या वापरास अर्जदार सर्वस्वी जबाबदार असून, त्याचा त्यास किंचितही पश्चात्ताप नाही.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
शालिकराम नामदेव उमाळे
बाळापूर, दि. ०१/१२/२०२५

सोबत :
(१) नवीन यादी, शहाण्णव नावे, सह्या व अंगठ्यांसह.
(२) उपविधीतील संबंधित पान.
(३) 'पार्वता' असे छापलेला कागद, नमुन्यादाखल. हा बासष्टावा.