शुक्रवारचा खडखडाट

चि. दीपेश,

नाशिकला जाऊन आईचा नंबर विसरलास, की आईच? मी सांगतेय, शेजारची जागृती लिहितेय. माझ्या शिव्या तेवढ्या गाळून लिहीन म्हणाली.

तुझी लेक मृणाली दर शुक्रवारी किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची. डॉक्टर ऑटिझम म्हणाले, आपण समजलो पोरीला शेजारच्या कापड कारखान्यांतल्या लूमचा आवाज सोसत नाही. तिच्या कानांत कापूस कोंबला. तू पाठवलेल्या शांत हॉस्टेलच्या फॉर्मवर मी अंगठाही उठवला, फक्त पोस्टात टाकवेना.

मग डोक्यात आलं, अरे, शुक्रवारी तर आपल्या कामतघरचे सगळे लूम बंद असतात! पोरीला खडखडाट नव्हे, शांतता सोसत नव्हती. जागृतीने गुरुवारी लूमचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला. काल तो लावला, तर मृणाली डोलत बसली आणि ताटभर भात जेवली. कित्येक वर्षांनी शुक्रवारी दुपारी मी घोरले. उठल्यावर आधी फॉर्म फाडला.

हे पत्र टाकणार नाही. साहेब झालास तरी तू रडका तो रडकाच, वाचून रडत बसशील. फोनवर एवढंच सांगेन: तांदळाचे पापड पाठव, पण अख्खे. तुटका पापड ती हातात धरत नाही.

तुझीच आई,
पार्वती