हळू चालणारा पुढे

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

ती. बाबांना नमस्कार.

दिलेला शब्द राखावा, की ज्याला दिला ते माणूस राखावं? मला उत्तर येत नाही. आपल्या घरातली पहिली पदवीधर मी, तरी येत नाही.

खोली बरी आहे. तुम्ही शिवून दिलेला पडदा खिडकीला अगदी मापात बसला. शाळेत सहावीचा वर्ग मिळालाय. मुलं 'बाई' अशी हाक मारतात तेव्हा अजून मी मागे वळून बघते, कुणाला बोलावतायत म्हणून.

इकडे येण्याआधीच्या त्या रविवारी मात्र मागे बघायचंच राहिलं.

जलाशयाकाठच्या डोंगरवाटेवरचा नियम तुमचाच, हळू चालणारा पुढे. लहानपणी मी कायम पुढे असायची आणि मला वाटायचं, मीच बाबांना वाट दाखवतेय! या वेळी निघताना म्हटलं, "बाबा, तुम्ही व्हा पुढे." तुम्ही चिडलात. "म्हातारा ठरवतेस काय मला? चला पदवीधर, व्हा पुढे!"

तुमचा मान राहावा म्हणून पुढे झाले, आणि माझ्याच चालीनं चालत सुटले. यंदा पाऊस कमी, पाणी खूप खाली गेलं होतं, काठाला तांबूस मातीचा पट्टा उघडा पडला होता. मी आपली बडबडतेय, शाळा अशी हवी, शिक्षक तसा हवा. चढावर तुमचा हुंकार येईना म्हणून थांबले, तर मागे कुणीच नाही.

तुम्ही खाली एका दगडावर बसला होतात. "काही नाही गं, बॉबिनचा दोरा संपला. भरतो नि येतो."

मी हसले, बाबा. खाली तुमच्याजवळ आल्यावर निळसर पडलेले ओठ दिसले. सदरा घामानं चिंब, आणि डावा हात चोळणं चाललेलं.

"ही काही पहिली वेळ नाही," म्हणालात. "आईला सांगायचं नाही. शब्द दे. कळलं तर ती तुला नोकरीवर जाऊ द्यायची नाही."

मी दिला. बाबांसाठी दिला, असं बसमध्ये स्वतःला बजावत आले. पण मलाही इथं यायचंच होतं. तुम्हाला दिलेला शब्द माझ्या सोयीचा होता. रोज मुलांना खरं बोला म्हणून सांगते आणि फळ्याकडे तोंड वळवते.

आज मधल्या सुट्टीत आईला फोन केला, तेव्हा पलीकडे तुमच्या शिलाई मशीनची खडखड ऐकू येत होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तरीच ह्यांना आताशा झोपताना दोन-दोन उशा लागतात."

आणि तिची हाक ऐकली, "अहो, ते मशीन थांबवा जरा."

मशीन थांबलं. तुम्ही फोनवर आला नाहीत, म्हणून हे पत्र. माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण आई दवाखान्यात नेईल तेव्हा निमूट जा. शनिवारची रजा मी घेतलीय, घरी येतेय.

यापुढे तुमच्या मागून चालणारी,
तुमची पदवीधर