बायकोचं नाव सांगा

४ मार्च
पत्र आलं! आश्रयाच्या अर्जाची सुनावणी एकोणीसला. माझी आणि नसरुल्लाची, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

निर्वासित केंद्रातल्या हेडविगबाई तयारी करून घेतात. "आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. रचून सांगू नका." मुलींना घरी शिकवत होते मी, धमक्या आल्या त्या मला. नसरुल्लाला इथं राहता येईल ते माझा नवरा म्हणून. निकाहचा कागद नाही. आमच्या गावात कुणाकडेच नसतो. म्हणजे सगळी भिस्त तोंडच्या शब्दांवर.

९ मार्च
सराव. बाईंनी त्याला विचारलं, "बायकोचं नाव?"
हा जमिनीकडे बघत म्हणतो, "इद्रीसची आई."
"अहो, ते तुमच्या मुलाचं नाव झालं!"
हा उठला तो थेट चहा करायला गेला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

लग्नपत्रिकेवर माझं नाव नव्हतं — 'हाजी गुलाब यांची कन्या', बस. माझ्या आईच्या थडग्यावरसुद्धा तिचं नाही, माझ्या भावाचं नाव आहे. इथल्या नर्सनं दारातून माझं नाव घेऊन 'पलवशा' म्हणून पुकारलं, तेव्हा मी दचकलेच.

१९ मार्च
साडेपाच तास! लग्नात जेवायला काय होतं, सासूच्या घराला खिडक्या किती, धमकीची चिठ्ठी कोणत्या दारावर होती. शेवटी सगळं वाचून दाखवतात, पानापानावर सही. नवऱ्याचं नाव मी ठणकावून सांगितलं.

तो बाहेर आला. "काय विचारलं?"
"तेच सगळं."

२७ मे
मला परवानगी मिळाली. त्याला नाही.

त्याचा जबाब वाचला. पत्नीचं नाव? — गप्प. पुन्हा विचारलं. "परक्या पुरुषांसमोर सांगत नसतो." दुभाष्या आमच्याच मुलखातला, याला त्याचीच लाज! तिसऱ्यांदाही गप्प. खाली शेरा — विवाह झाल्याचं पटत नाही.

मी हातातली बशी फोडली.

"तुझी इज्जत राखली," म्हणतो.
"इज्जत राहिली. तुम्ही चाललात!"

केंद्रानं दिलेल्या वकीलबाई म्हणाल्या, कोर्टात जाऊ.

११ नोव्हेंबर
परवा कोर्ट. न्हाणीघरात नळ सोडून हा पुटपुटतोय — पलवशा, पलवशा. दाराशी उभी राहून ऐकलं. मग असा संताप आला! न्यायाधीशासाठी पाठांतर चाललंय. माझ्यासाठी एकदाही नाही.

१३ नोव्हेंबर
म्हणाला. भर कोर्टात, घाम पुसत. मला विचारलं, हा तुमचा नवरा? हो म्हटलं.

२ डिसेंबर
निकाल आला. विवाह मान्य, सही-शिक्क्यानिशी. त्यालाही राहता येईल. मी तो कागद वाचत होते, तर आतून हाक — "इद्रीसची आई, चहा टाक!"

वकीलबाईंना मी मागेच विचारून ठेवलं होतं. कागदावर नसलेलं लग्न मोडता येत नाही.

आता कागद आहे.