आबा कोचीत हरवले, त्या दिवसाबद्दल

आई, तू गेल्यावर आबांचं सगळं मी करीन, असं तुला म्हणालो होतो. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. पहिली सात वर्षं करण्यासारखं काही नव्हतंच. डिंगोऱ्याहून रोज सकाळी ते माझ्याबरोबर आळेफाट्याला स्पेअरपार्टच्या दुकानात यायचे, गिऱ्हाइकाला क्लच प्लेट कुठली लागेल ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. मग विसरायला लागले. आधी माणसांची नावं गेली, मग हिंदी गेली, मग मी कोण ते गेलं. राहिलं फक्त कोची. तीस वर्षं कांद्याची गाडी घेऊन जायचे ना, तेवढंच डोक्यात शिल्लक. तुला आठवतं, परत आले की आधी मिऱ्यांची पुडी तुझ्या ओट्यावर ठेवायचे, आणि तू हात न धुताच एक मिरी दाताखाली फोडून बघायचीस? आता रोज पहाटे उठून दाराशी उभे राहतात. "गाडी भरली का? मला कोचीला जायचंय." मी सांगायचो, आबा, गाडी विकली. मग विचारायचे, "ती कुठाय?" मी तेही खरं सांगायचो. ते प्रत्येक वेळी तितकंच रडायचे, जणू तू आत्ता गेलीस.

ताई म्हणाली, "एकदा दाखवून आण रे त्यांना. निवांत होतील." म्हणून पनवेलहून रेल्वेनं घेऊन गेलो. सकाळी समुद्राकाठी पोचलो तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. काठाला ती भलीमोठी चिनी जाळी, चार माणसं दोर ओढतायत, जाळं पाण्यातनं वर येतंय. मागं जुनी कौलारू घरं, रुंद झाडं. आबा म्हणाले, "पाणी लई वर आलंय आज." कित्येक महिन्यांत एवढं शहाण्यासारखं बोलले नव्हते. तेवढ्यात दुकानातून फोन आला. दोन मिनिटं बोललो असेन. वळून बघतो तर आबा नाहीत.

आधी वाटलं, इथंच असतील. मग पळायला लागलो. मासे विकणाऱ्या बायकांना मोबाइलवरचा फोटो दाखवला, रिक्षावाल्यांना दाखवला, चर्चच्या आत बाकाबाकात वाकून बघितलं. होडीच्या धक्क्यावर गेलो आणि काठाकाठानं पाण्यात बघत फिरलो. तिथं पाणी खोल आहे, आई, आणि आबांना पोहता येत नाही. पोलीस ठाण्यात हवालदारानं हिंदीत विचारलं, अंगात काय होतं? सकाळी मीच त्यांना कपडे घातले होते, बटणं मीच लावली होती, आणि मला शर्टाचा रंग आठवेना. "टोपी," एवढंच म्हणालो. "पांढरी टोपी." तो चांगला माणूस होता. म्हणाला, इथं तशी टोपी घालणारं कोणी नाही, सापडतील. मी पुन्हा बाहेर पडलो. उन्हात त्याच गल्ल्यांतून तिसऱ्यांदा फिरताना मी मोठ्यानं "आबा, आबा" ओरडत होतो आणि लोक खिडक्या उघडून बघत होते. ताईचा फोन वाजत होता. मी उचलला नाही. काय सांगणार होतो?

चार वाजता हवालदाराचा फोन आला. तिथून बरंच लांब, मट्टनचेरीच्या बाजारात, मसाल्याच्या वखारींच्या पलीकडं कांद्याचं एक गोदाम आहे. तिथं पोत्यावर बसले होते, हातात अर्धं केळं. कोसभर पायी चालत, रस्ता न विचारता गेले कसे, देव जाणे. एक म्हातारा हमाल मोडक्या हिंदीत म्हणाला, "तीन बार पूछा, सवाळा उतरा क्या, सवाळा उतरा क्या. हमने बोला, हां, उतर गया. तब बैठा." सवाळा म्हणजे त्यांच्याकडचा कांदा. तेवढा एक शब्द आबांनी जपून ठेवला होता.

मला बघून म्हणाले, "आलास व्हय? गाडी खाली झाली. मालाच्या बिल्टीवर सही घे अन् चल. घरी ती वाट बघत आसंल."

मी त्यांच्यापुढं जमिनीवर बसलो. म्हणालो, "हो आबा. वाट बघतीय."

"जेवली नसंल अजून."

"नाही जेवली. चला."

ते हसले, आई. माझा हात धरून उठले. परत आल्यापासून मी त्यांना तू गेल्याचं सांगितलेलं नाही. मळ्यात गेलीय म्हणतो, आळेफाट्याला गेलीय म्हणतो.

आत्ता दुपारचे झोपलेत, म्हणून हे लिहायला बसलोय. उठायच्या आत फाडून टाकीन. घरातल्या कुणाच्या हाती पडायला नको. ताईला, बायकोला मी सांगितलंय की साडेदहापासून चार वाजेपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही. ते खोटं आहे. तीनच्या सुमारास मी धक्क्याजवळच्या टपरीवर बसलो. समोरून होडी माणसं भरून पलीकडं जात होती, वारा सुटला होता, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच मला कुणी हाक मारत नव्हतं. मनात आलं, आता नाही सापडले तरी चालेल. मी चहा घेतला. मग अजून एक मागवला, आणि तो सावकाश प्यायलो.