सहा अँपिअर

सोमवार, ४ नोव्हेंबर

पोचलो एकदाच्या! नोकरी कॅम्पसाइट सांभाळण्याची आणि राहायला चाकांवरचं घर. कॅम्परव्हॅन जुनी आहे, इंजिन कधीच गेलंय, पण खिडक्यांना पडदे आहेत आणि एक बाक उलगडला की आईचा पलंग होतो. आई म्हणाली, बरं झालं, शेजार आवडला नाही तर घर ढकलत नेता येईल.

शेजार मुळात नाहीच. हंगाम संपलाय, बाराही जागा रिकाम्या. रोज सकाळी फेरी मारायची आणि विजेच्या खांबावरच्या मीटरांचे आकडे वहीत उतरवायचे, एवढंच काम. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच. कुणी आकडे लिहायला सांगितले की मला अजून परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

प्रत्येक जोडणीला फक्त सहा अँपिअर वीज मिळते. जास्त ओढली की खांबावरचा खटका पडतो आणि व्हॅनमधलं सगळं बंद. एरवी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण आईचं ऑक्सिजनचं मशीन याच विजेवर आहे आणि त्याची बॅटरी जेमतेम चाळीस मिनिटं टिकते.

म्हणून हिशेब मांडला. मशीन दीड, हीटर दोन, फ्रिज अर्धा. केटल एकटीच चार खाते, तेव्हा चहाच्या वेळी हीटर आणि फ्रिज बंद. मशीन आणि केटल मिळून साडेपाच, चालतंय. आईला वाचता येत नाही, म्हणून कागदावर चित्रं काढून केटलवर चिकटवली. आई म्हणाली, मास्तरीणबाई, शिंकायला किती लागतात तेही काढून ठेवा.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

नऊ नंबरच्या जागेवर नुसतं गवत आहे. खांबापासून तिकडे साधी वायरसुद्धा जात नाही. तरी नऊचं मीटर एक अँपिअर दाखवतं. त्याचा खटका कुणीतरी काळ्या चिकटपट्टीने चालू ठेवून घट्ट गुंडाळलाय.

आकडा स्थिरही नाही. हळूहळू सव्वापर्यंत चढतो, पुन्हा उतरतो. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला सोळा वेळा. डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी आईचे श्वास असेच मोजते, त्या सवयीने मोजलं.

मॅनेजरना फोन केला. ते म्हणाले, चिकटपट्टी आधीच्या राखणदाराचा उद्योग असणार, तो तर कपडेही इथेच टाकून गेला, परत फिरकला नाही. मग हसले. रिकाम्या जागेला वीज कशाला, बंद कर, एवढी शिकलीस आणि हे विचारायला फोन करतेस?

लाज वाटली. पट्टी सोलली, खटका खाली ओढला. आकडा शून्य. वहीत लिहिलं, नऊ बंद. खाली फूटपट्टी धरून दोन रेघा मारल्या.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सकाळच्या चहाला खटका पडला. हीटर बंद होता, फ्रिज बंद होता, दोनदा पाहिलं होतं. चपला न घालता खांबापर्यंत धावले.

व्हॅनच्या आतलं मीटर माझ्या बेरजेपेक्षा एक जास्त दाखवत होतं. केटल काढली. दिवे बंद केले. मशीन बॅटरीवर घेतलं. काहीही चालू नसताना आकडा एक. मग सव्वा. मग एक. मिनिटाला सोळा.

दुपारी वायरमन आला. सगळ्या फळ्या उघडून पाहिल्या. वायर चोख आहे म्हणाला. निघताना म्हणाला, ताई, दोघींना ठीक आहे, पण तिघींना ही जोडणी पुरायची नाही. मी म्हटलं, आम्ही दोघीच आहोत. त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि शिडी इथेच टाकून गेला.

शनिवार, ९ नोव्हेंबर

नऊचा खटका पुन्हा चालू केला. पट्टीही गुंडाळली, होती तशी. मीटर शून्य. अर्धा तास उभी राहिले — शून्य.

मी तिचं बंद केलं आणि ती आमच्याकडे आली. आता परत जात नाही.

आमच्याकडे जास्तीचे दोन झालेत. हीटर बंद ठेवला. जेवताना आई म्हणाली, पायाशी बसलेल्या बाईला जरा सरकायला सांग, फार गार आहे गं ती. मी आईचे तळवे धरले. स्टीलच्या भांड्यासारखे.

रविवार, १० नोव्हेंबर, सकाळी नऊ

जास्तीचे साडेचार. मशीन लावलं की सहा भरतात आणि तिच्या प्रत्येक श्वासाला वर जातात. खटका पडतोय. उचलते — पडतो. ॲम्ब्युलन्सला फोन केला. रस्त्यावर धुकं आहे, दोन तास लागतील म्हणाले. दोन तास. बॅटरी चाळीस मिनिटं.

नऊ वीस

केबल उपटून आत आणली. वीजच नाही तर ओढेल काय? केबल माझ्या मांडीवर आहे. मीटर अजून साडेचार —

आई गुडघ्यांपर्यंत गार. वीज नाही मिळाली तर आईतून घेते. हे मला आधी कळायला —

केबल पुन्हा जोडली.

नऊ पस्तीस

बॅटरी पाच मिनिटं. खटका पडलेलाच. आईचे ओठ निळे. मी पलंगाच्या पायाशी, तिथेच बसले. मोठ्याने म्हटलं, तुझी वीज मी तोडली. आईने नाही. माझ्यातून घे.

मीटर उतरलं. तीन. एक. शून्य.

धावत जाऊन खटका उचलला. टिकला! मशीन चालू. मीटर दीड, फक्त मशीनचा. परत येऊन तिथेच बसले. उठले तर ती पुन्हा आईकडे —

दहा दहा

आईचे ओठ लाल होताहेत. बोलतेय. माझे पाय कळत नाहीत. कंबर नाही. ॲम्ब्युलन्सला अजून तास. पुरेन का मी तासभर —

दहा पंचवीस

आई उठून बसली. ऊब यावी म्हणून माझे हात चोळतेय. काय गं ही बर्फाची बोटं, म्हणते. बरं वाटतंय. तिचे हात गरम आहेत.

आई थांबली. वहीकडे बघतेय. म्हणते, मास्तरीणबाई, तुझे दोन्ही हात तर माझ्या हातात आहेत, मग ही वही कोण लि