दोन मैल एकशे ब्याण्णव फूट

ती. मास्तरांस,

सप्रेम नमस्कार. ज्या टेबलावर हे पत्र लिहितो आहे ते टेबल, ज्या खुर्चीवर बसलो आहे ती खुर्ची, समोरची खिडकी, पलीकडचा पलंग, तुमच्या बहिणीचं डब्यांचं कपाट आणि तुमच्या घरच्या जिन्याचा कठडा हे सगळं मी कोणाच्याही हाताखाली न शिकता स्वतःच्या हातांनी केलेलं आहे, आणि सगळं कुशल आहे. (पलंग करकरतो, पण तो आवाज गादीचा आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरत जा. माणसं दगा देतील, तो देणार नाही.

आता मूळ मुद्दा. आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे जेवताना तुम्ही म्हणालात, समांतर रेषा कधीच मिळत नाहीत. मी म्हणालो, यात शिकवण्यासारखं काय आहे, मी रोज काढतो. त्यावर तुम्ही घास थांबवून म्हणालात, "जावईबापू, कागदावरच्या मिळत नाहीत. तुमच्या कुठे ना कुठे मिळतीलच." वीस वर्षं रंधा मारणाऱ्या माणसाला हे त्याच्याच घरात, त्याच्याच पाटावर बसून! मग पैज लागली, की ज्याचं खोटं ठरेल त्याने आधी दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा. तेव्हापासून तुम्ही तिकडे, मी इकडे, आणि तुमची बहीण दोन्हीकडे निरोप पोचवून चपला झिजवते आहे.

तर गेल्या आठवड्यात वाचनालयाचं सरकतं दार बसवलं. सोळा फूट लांबीच्या दोन पट्ट्या, एक खाली, एक वर, मध्ये बरोबर सात फूट. विकतच्या टेपवर माझा विश्वास नाही (तो ओढला की लांबतो, माणसांसारखाच), म्हणून सात फुटांची मापकाठी मी स्वतः तासली. डावं टोक जेवणाआधी बसवलं. जेवताना काठी भिंतीवरून घसरून पडली आणि तिच्या टोकाचा टवका उडाला. आता दुसरा कोणी तशीच वापरता. मला फुटकं टोक बघवेना. मी त्यावर रंधा फिरवला, कानस मारली, आरशासारखं केलं, आणि मग त्याच काठीने उजवं टोक बसवलं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी दार सरकवलं. ते लोण्यासारखं निघालं आणि उजवीकडे जाऊन असं रुतलं की बाई या बाजूला आणि त्यांचा चष्मा त्या बाजूला. मी आधी दाराला दोष दिला, मग फरशीला, मग हवेला. शेवटी मोजलं. उजवीकडे एक सूत कमी. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तुमच्या खडूच्या रेघेपेक्षा किंचित जाड, पण होतं खरं.

घरी येऊन तुमच्या बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "तरीच! आठ महिने तुम्हा दोघांचं सूत जमेना. कसं जमणार, तुम्हीच ते तासून टाकलंत."

मला झोप येईना (पलंगामुळे नव्हे). सोळा फुटांत एक सूत, तर सात फूट, म्हणजे सहाशे बहात्तर सूत संपायला किती अंतर? हिशेब तीनदा केला. दहा हजार सातशे बावन्न फूट, म्हणजे दोन मैल एकशे ब्याण्णव फूट. आणि वाचनालयाची ती भिंत उजवीकडे ज्या दिशेला जाते, त्याच दिशेचा रस्ता नाकासमोर सरळ तुमच्या घराकडे येतो.

खात्री करायला सायकलच्या चाकाला चिंधी बांधली. चाकाच्या एका फेऱ्यात सात फूट, म्हणजे पंधराशे छत्तीस फेरे. खाली मान घालून सायकल हाताने ढकलत, मोजत निघालो. तुमच्या फाटकाशी वहिनी उभ्या होत्या. "अहो, आत या ना!" म्हणाल्या. आकडा चुकला असता, म्हणून मी एवढंच म्हणालो, "पंधराशे तेहतीस!" आणि परत फिरलो. त्यांनी त्याच दुपारी तुमच्या बहिणीला विचारलं म्हणे, की हे बरे आहेत ना.

राहिले तीन फेरे, एकवीस फूट. तेवढ्या अंतरावर काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. तुमची आरामखुर्ची. (तीही मीच केलेली.)

तुमचा,
जावईबापू

ता. क. मी हरलो असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून पाहा. माझ्या रेषांनी तुमचा उंबरा ओलांडला आहे, तेव्हा पैजेची अट पुरी झाली. आता यायची पाळी तुमची.

ता. क. दुसरा. वरची पट्टी काढून नव्याने बसवायची आहे. रविवारी सकाळी नऊला वाचनालयात या, येताना शाळेचा मोठा गुण्या आणा. दोरीचं दुसरं टोक न हलवता धरणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही. गुडघ्यासाठी स्टूल करून ठेवलं आहे.

ता. क. तिसरा. ग्रंथपालबाई म्हणत होत्या, दार वरून सूतभर तासा आणि विषय मिटवा, सोमवारी उद्घाटन आहे, ठरल्यापेक्षा वर देते. मी नाही म्हणालो. सांगितलं, दुसरं टोक धरायला माझा माणूस येतो आहे. वर देत होत्या ते तीन हजार.