व्हायोलोनचे सात पडदे

लिंझ, ९ जानेवारी १७९८
चेलोवाला पेल्त्सल आज पुन्हा डावीकडे बसला! किती वेळा सांगू, उजवीकडे बस. डावा कान गेल्या हिवाळ्यातच गेला. उजव्यातही आता सगळं पाण्याखालून आल्यासारखं. कुणाला माहीत नाही. बुर्गीलाही नाही, माझ्या बायकोला.

१३ जानेवारी
शनिवार. बुर्गीने माझ्या व्हायोलोनचे, त्या माणसाएवढ्या खर्जाच्या वाद्याचे, पडदे बदलले. ल्यूट ही तंतुवाद्यं बनवणाऱ्याची मुलगी. लग्नापासून हे काम तिच्याकडेच. दांडीभोवती आतड्याची तात आवळायची, गाठ मारायची, टोकं मेणबत्तीवर जाळायची. जळक्या आतड्याचा वास अजून घरात आहे.

पडद्याला लागून बोट दाबलं की खर्ज बरोबर लागतो. कानाला विचारावं लागत नाही. नाटकगृहातली माझी जागा या सात तातींवर टिकून आहे.

बुर्गी हल्ली अगदी समोर उभी राहून बोलते. भांडायला आल्यासारखी. काय बिघडलंय तिचं?

१६ जानेवारी
दोनदा पुलापर्यंत जाऊन आलो. काम काहीच नव्हतं.

१९ जानेवारी
घात झाला! दुसऱ्या अंकात तिसरा पडदा सरकला. शेजारी शेगडी — तात सुकून सैल झाली असणार. पडदा गेला तिकडे बोट गेलं. अख्खं गाणं मी उतरलेल्या स्वरात वाजवलं, आणि मला पत्ता नाही. कळलं ते गायिकेच्या चेहऱ्यावरून.

पेल्त्सल, उजव्या कानाशी ओरडून — "काय रे ट्रुमर, आज व्हायोलोनच्या पोटात गाढव गायला बसवलं होतंस?"

मग झिस्टलर. व्हिएन्नाहून आलेले नवे संचालक. "तुम्हाला ऐकू येत नव्हतं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "दोष पडद्याचा आहे."

"मग पडदेच काढून टाका. व्हिएन्नात काढायला लागलेत लोक. पुढच्या शुक्रवारी बिनपडद्याची दांडी. जमत नसेल तर सांगा, शेजारच्या वेल्स गावचा एक वादक रोज विचारून जातोय."

मीच बोललो! माझ्याच तोंडाने!

२२ जानेवारी
व्हायोलोन घरी आणला. बुर्गीला म्हणालो, पडदे काढायचेत, व्हिएन्नाची नवी चाल आहे. तिने दांडीच्या मागून अंगठा फिरवला. मग — "मी काढते. तुम्ही बाहेर जा."

दार लावून घेतलं. एवढी घाई! स्वतःच्या हाताने बांधलेल्या ताती — एकदा हळहळली तरी असती.

पुलावर उभा राहिलो. डॅन्यूबमधून बर्फाचे तुकडे वाहत होते. परतलो तर दांडी उघडीबोडकी, आणि बुर्गीच्या अंगठ्याला चिंधी. "सुरी लागली," म्हणाली. जेवणातले उकडलेले पिठाचे गोळे ताटात तसेच राहिले.

२५ जानेवारी
व्हायोलोन ढकलगाडीवरून नाटकगृहात पाठवला. तीन दिवसांत एकदाही हात लावलेला नाही. वेल्सच्या माणसाचं नावही मला माहीत नाही.

२६ जानेवारी
तालीम. दांडी हातात घेतली. अंगठा मागे गेला, तिथे पहिल्या पडद्याच्या जागी सुरीची एक बारीक खाच. पुढे सरकवला — आणखी एक. शेवटपर्यंत. सात.

वाजवलं. झिस्टलर थांबले नाहीत, पुढचं पान उलटलं.

बुर्गीला मी कधीच काही सांगितलं नव्हतं.